घोट्याइतकं पाणी

शनिवार, १२ जुलै

सगळ्यात आधी आली ती सगुणाबाई. टेम्पो अजून देवळाच्या वळणावर मागंपुढं करत होता, तोवर ही ओसरीवर येऊन टेकली आणि म्हणाली, "आक्का, एवढा मोठा फ्रीज कशाला गं एकट्या बाईला?" मी म्हटलं, फ्रीज न्हाई, यंत्र हाय, माझ्या नातीचं. तर म्हणते, "म्हंजे नात बी येणार का ऱ्हायाला? तिचं काय ठरलं का कुटं?" ठरलं म्हणजे लग्नाचं. सृष्टी चौतीस वर्षांची आहे आणि गेली बारा वर्षं सगुणाबाईला तिच्या लग्नाची काळजी आहे. मी तिच्या चहात साखर कमी घातली.

मग तिचा नवरा भिकूभावजी आले. आमच्या शेजारचं घर त्यांचंच. मग टेम्पो, आणि शेवटी सृष्टी स्वतःच्या गाडीतून, केस असे विस्कटलेले की बांधावरचं गवत बरं. चौघांनी मिळून यंत्र गोठ्यात नेलं. माणसाएवढं पोलादी पिंप, त्याला काचेच्या खिडक्या, आणि तारांनी भरलेली दोन कपाटं. माझी म्हैस अकरा वर्षं त्या गोठ्यात होती, तिला कधी पंखा मिळाला नाही. यंत्राला एसी बसवला आहे.

गोठाच का, तर खाली सलग कातळ आहे. पुण्यात सृष्टीच्या प्रयोगशाळेजवळून सारखे डंपर जातात, भुई थरथरते, आणि या यंत्राला थरथर चालत नाही. कातळाचं तिला लहानपणापासून माहीत. तिच्या आजोबांनी म्हशीचा खुंटा ठोकायला घेतला तेव्हा दोन पहारी वाकल्या होत्या, आणि ही तिथं उभी राहून हसत होती.

वह्या तिनंच दिल्या, दोन. एक गोठ्याच्या दाराला टांगायची. गाडी किती वाजता आली, लाईट कधी गेली, तेवढंच तीत लिहायचं. दुसरी माझी. म्हणाली, "हिच्यात मनातलं लिही आजे, मी बघनार न्हाई." मी दुसरीपर्यंत शिकले. पुढं नातवंडं झाल्यावर साक्षरतेच्या वर्गात बाईंनी परत गिरवून घेतलं. बाई म्हणायच्या, बोलता तसं लिहू नका, पुस्तकात असतं तसं लिहा. म्हणून मी तसं लिहिते आहे. पण माणसं बोलली ती बोलली तशीच लिहीन, ती काही पुस्तकात असतात तशी बोलत नाहीत.

मंगळवार, २२ जुलै

आज खाचरात पाणी घेतलं. दाराच्या वहीत हे लिहिलेलं नाही, हितंच लिहिते.

गेल्या साली बांधावरून घसरले आणि कंबर धरली. दोन महिने चंदूकडं, पुण्याजवळ मारुंजीला पडून होते. चंदू म्हणजे चंद्रकांत, माझा मुलगा, सृष्टीचा बाप. त्याची तिथं चार मजली इमारत आहे, खोल्या भाड्यानं देतो. मला तिसऱ्या मजल्यावरची दिली होती. खिडकी उघडली की समोरच्याची खिडकी, आणि तिच्यात वाळत घातलेले मोजे. दोन महिने मी त्या कंपनीवाल्या पोराचे मोजे बघितले. परत यायला निघाले तेव्हा चंदूनं बजावलं, "आये, पुन्हा खाचरात पाय ठेवलास असं कळलं, तर त्याच दिशी हितं उचलून आननार. कायमची."

म्हणून जगाला सांगायचं, गोठ्यामागचं खाचर भिकूभावजींनी अर्धेलीनं, निम्म्या वाट्यावर, केलंय. नांगरट, लावणी त्यांनीच केली, ते खरं आहे. पण पाणी मी बघते. पाणी बघणं दुसऱ्याला देता येत नाही. भिकूभावजी चांगले आहेत, पण ते एकदा पाणी सोडून चहाला गेले की पाणी त्यांच्याआधी खालच्या रिहे गावच्या पुलापर्यंत पोचतं. मी त्यांना भैरवनाथाची आण घातली आहे. सगुणाबाईलासुद्धा माहीत नाही, म्हणजे गावाला माहीत नाही.

पावसानं आठ दिवस दडी मारली, रोपं पिवळी पडायला लागली होती. सकाळी सहाला गेले, बांधाचं तोंड ढेकळं आणि गवत दाबून बंद केलं, ओढ्याचा पाट खाचरात वळवला. बारापर्यंत पाणी घोट्याला लागलं. मग पाट बंद. इतकं बरं वाटलं की येताना गोठ्याच्या भिंतीला हात लावून त्या यंत्रालासुद्धा म्हटलं, जेव आता.

शनिवार, २६ जुलै

सृष्टी शनिवारी येते, रविवारी जाते. मधले दिवस यंत्र एकटंच चालतं आणि ती पुण्यात बसून त्याचे आकडे बघते. आज मी म्हटलं, एकदा नीट सांग हे करतं काय.

ती म्हणाली, पिंपात चिमूटभर अणू आहेत. अणू म्हणजे कणाचाही कण. उजेडाच्या काड्यांनी त्यांना चहूकडून धरायचं, इतकं गार करायचं की ते जागच्या जागी थिजतात, आणि मग सोडून द्यायचं. ते पडतात. किती जोरात पडतात, त्यावरून भुईची ओढ कळते.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. फकस्त पडताना एकच अणू दोन वाटांनी खाली येतो. खाली आल्यावर दोन्ही वाटा एकमेकींशी ताडून बघायच्या."

"एक अणू दोन वाटांनी कसा येईल?"

"येतो, आजे. मलाबी पयल्यांदा पटलं नव्हतं."

मी म्हटलं बरं. मी तरी काय वेगळं करते. चंदूच्या लेखी सकाळी सहाला मी चुलीपुढं असते.

लहानपणी सुट्टीला आली की विहिरीत खडे टाकायची आणि मोठ्यानं आकडे म्हणायची, डुबुक होईपर्यंत. प्यायच्या पाण्यात खडे टाकते म्हणून मी फटका दिलेला आहे. आता ते आठवलं की हात चोरावासा वाटतो. कॉलेजात एक मास्तर तिला म्हणाले होते, मुलींनी कागदावरचं विज्ञान घ्यावं, प्रयोगशाळेत जड पंप उचलावे लागतात. त्या सुट्टीत ही हितं आली आणि तांदळाचं पन्नास किलोचं पोतं गोठ्यापासून ओसरीपर्यंत नेऊन टाकलं. परत गेली आणि प्रयोगशाळाच घेतली. पुढं सहा वर्षं परदेशात. तिथं कायमची नोकरी देत होते, ती सोडून आली तेव्हा सगळे वेडी म्हणाले. मग दोन वर्षांमागं दिल्लीला मोठं बक्षीस मिळालं, आणि तेच सगळे पेढे घेऊन आले. चंदूनं मारुंजीच्या चौकात फ्लेक्स लावला. त्यात चंदूचा फोटो तिच्यापेक्षा मोठा होता. पदक माझ्याकडं तांदळाच्या डब्यात आहे. सगुणाबाईनं ते दाताखाली धरून बघितलं.

आता तिचं म्हणणं, हे यंत्र गावोगाव न्यायचं. पाण्यालाही वजन असतं. जिथं भुईत पाणी जास्त, तिथं ओढ इतकीशी, केसाच्याही टोकाइतकी जास्त. म्हणजे दुष्काळी गावात खणण्याआधीच सांगता येईल, खाली पाणी आहे का नाही. पण आधी हितं, या शांत जागेत, यंत्र खरं बोलतं हे दाखवून द्यायचं. सप्टेंबरात पुण्यातनं मोठी माणसं तपासायला येणार आहेत. त्यांनी मान डोलावली की पुढचं सगळं.

सोमवार, ४ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. उपास. सहाला बांधाचं तोंड फोडून खाचरातलं पाणी काढून दिलं, कारण तण वर आलं होतं आणि पाण्यात बेणायचं म्हणजे हात नुसते चिखल कालवतात. दहाला खाचर उघडं पडलं. मी बांधावर बसून हात पोचेल तेवढं बेणलं, बाकी भिकूभावजींनी. उपासाला साबुदाणा. कंबर ठीक आहे.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. नारळीभात केला होता, सृष्टीनं दोन घास खाल्ले. सारखी यंत्राच्या पडद्याकडं बघत होती. मलाही दाखवलं. एक रेघ आहे, ती सरळ चालायला हवी. ती मध्येच पायरी चढते, मध्येच उतरते.

"आजे, सोमवारी सकाळी हितं काय झालं? काय जड आलं-गेलं का?"

"गाडी न्हाई, घोडा न्हाई. दाराची वही बघ."

वही बघितली. मग भिकूभावजींना हाक मारली आणि सरळ विचारलं, "काका, खाचरातलं पाणी कमी-जास्त करता का तुमी?"

भावजींनी माझ्याकडं बघितलं. मी कढईकडं बघितलं.

"न्हाई बा," ते म्हणाले. "पाऊस पडंल तसं ऱ्हातंय."

ते गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. पाण्याचं हिला काय करायचंय? हे चंदूनं विचारायला लावलंय. बापानं लेकीला माझ्यावर हेर नेमलं. वाईट वाटलं, पण तिच्यावर राग धरता येईना, बापाचं ऐकलं इतकंच.

दुपारी तिनं खाचराच्या कडेला एक काठी रोवली, पाण्याच्या मापाची, रेघा मारलेली. बेणणी झाल्यावर मी परत पाणी घेतलंच होतं, ते तिसऱ्या रेघेला लागलं. मी मनात म्हटलं, ठीक आहे पोरी. तू दर शनिवारी येशील तेव्हा पाणी तिसऱ्या रेघेलाच असेल. तुझ्या बापाला तेवढंच सांग.

गुरुवार, १४ ऑगस्ट

सहाला पाणी काढलं, खत टाकायचं होतं. खत भावजींनी फेकलं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

शाळेतनं झेंड्याच्या घोषणा ऐकू आल्या. पाणी परत घेतलं, तिसऱ्या रेघेवर. एक बोट जास्त झालं होतं, ते सोडून दिलं. उद्या हेर येणार.

मंगळवार, २६ ऑगस्ट

हरतालिका. सहाला पाणी काढलं. भात पोटरीत यायच्या, म्हणजे कणीस पोटात धरायच्या आधी भुईला एकदा वारा लागला पाहिजे, हे चंदूला कुणी शिकवलं नाही आणि शिकायचंही नाही. शुक्रवारी परत घेईन.

रविवार, ३१ ऑगस्ट

गौरी आल्या. चंदू, सूनबाई उषा, सगळे हितंच. उषा म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या पायाला चिखल कसला?" मी म्हटलं, गौरीची पावलं काढायला माती आणली. देवी क्षमा करो.

सृष्टी वाळली आहे. बापलेकीची ओसरीवर जुंपली, मी आत गौरीला साडी नेसवत ऐकत होते.

"परदेशातच ऱ्हायली असतीस तर आज ही पाळी आली नसती," चंदू म्हणत होता. "म्हशीच्या गोठ्यात बसून कोन शास्त्रज्ञ होतो?"

"मी झालेलीच हाय, बाबा."

"मग तुझं यंत्र असं का करतंय?"

ती म्हणाली, "माहीत न्हाई. चार येळा पायरी आली, तीनदा उतरली ती परत चढली. पावसाशी जुळत न्हाई, गाडीशी न्हाई, लाईटशी न्हाई. खाचराचं पाणी मी काठीवर बघतेय, ते जागच्या जागी हाय."

"तेरा तारखेला ते लोक आले की काय सांगनार?"

"हेच सांगनार. माहीत न्हाई म्हनून."

माझ्या हातातल्या निऱ्या सुटल्या. तिचं काय बिघडलंय ते मला नीटसं कळलं नाही, पण तिच्या तोंडून "माहीत नाही" मी आजवर ऐकलं नव्हतं. विहिरीत खडे टाकायची तेव्हासुद्धा आकडा सांगायची.

शनिवार, १३ सप्टेंबर

आजचं सगळं लिहायचं आहे, हात दुखला तरी.

सगळ्यात आधी सगुणाबाई, हे काय सांगायला नको. "पितरांच्या पंधरवड्यात पावने? शुभ काम असतंय व्हय असं?" मी म्हटलं, अशुभ असंल तर तुला आधी कळवीन. मग चंदू आणि उषा, पुरणाची तयारी घेऊन. साडेदहाला पांढरी गाडी. दोघं उतरले. निरंजन सर म्हणून मोठे, पांढऱ्या मिशा, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून दगडावरून दगडावर पाय टाकत आले. आणि हेमलता मॅडम, त्या चप्पल काढून सरळ चिखलातून आल्या.

तीन तास गोठ्यात. मी दोनदा चहा नेला. दुसऱ्यांदा नेला तेव्हा सर कागद हातात घेऊन बोलत होते. आवाज चढलेला नव्हता, उलट फार मऊ होता, आणि ते जास्त वाईट.

"सृष्टी, तुमचं काम मी पहिल्यापासून बघतोय. बक्षिसाच्या समितीवर मीच होतो. पण ज्याचं कारण तुम्हालाच सांगता येत नाही, असं यंत्र दुष्काळी गावात पाठवून लोकांना विहिरी कुठं खणा म्हणून सांगायचं? मी सही करू शकत नाही. हे यंत्र परत न्यावं आणि दुसऱ्या गटाकडं द्यावं, असं मी लिहिणार."

मॅडम हळूच म्हणाल्या, "हे चार दिवस सोडले तर बाकीची रेघ फार सुंदर आहे. ते वगळून दाखवलं असतं तरी…"

"नाही मॅडम," सृष्टी म्हणाली. "दिसलं ते दिसलं. मी ते पुसणार नाही. यंत्र माझ्याकडून काढून घ्या हवं तर."

ताठ उभी होती. पोतं उचलून ओसरीवर आली होती तेव्हा अशीच.

सर म्हणाले, "तोच तर प्रश्न आहे. बावीस जुलै, सकाळी सहाच्या पुढं चढायला लागते, बाराला थांबते. चार ऑगस्ट, सहाला उतरते. चौदा ऑगस्ट. सव्वीस ऑगस्ट. दर वेळी सहा. या सहा वाजता होतं तरी काय इथं?"

ताट माझ्या हातात होतं. सव्वीसला हरतालिका. चार तारखेला साबुदाणा. बावीसला मी या भिंतीला हात लावून जेव म्हटलं होतं.

मला वाटायचं, ती भुईच्या पोटातलं पाणी म्हणते, खोल, विहिरीचं. माझं घोट्याइतकं पाणी कुठल्या हिशेबात? आणि भिंतीपलीकडं चंदू उभा होता, मोबाईलवर कुणाला तरी भाडेकरूचं सांगत. बोलले तर तिसरा मजला. मोजे. कायमचे. मी इतका वेळ उभी राहिले की उषा दारातनं म्हणाली, "आत्याबाई, चहा निवतोय."

पण पोरगीनं चार दिवस पुसले नाहीत. आणि लपवत मी होते.

मी ताट म्हशीच्या जुन्या गव्हाणीवर ठेवलं आणि म्हटलं, "सर, सहा वाजता मी असते."

सगळे बघायला लागले.

"मागच्या खाचरात. पानी मी घेते, मीच काढते. बावीसला घेतलं. चारला काढलं, बेणायला. चौदाला काढलं, खताला. सव्वीसला काढलं. शनवारच्या आत परत तिसऱ्या रेघेवर आनून ठिवते, हिला कळू नये म्हनून."

सृष्टी माझ्याकडं बघत होती, पण तिला मी दिसत नव्हते. ती ओठ हलवत होती, मनात आकडे चालले होते. विहिरीवर हलवायची तसेच.

"किती, आजे? पानी किती?"

"घोट्याइतकं. आठ बोटं धर."

चंदू दारात आला होता. "आये," एवढंच म्हणाला. मी त्याच्याकडं बघितलं नाही, आधी हे निस्तरायचं होतं.

सर मिशीतल्या मिशीत हसले. "आजी, नातीवर फार जीव दिसतो तुमचा."

म्हणजे मी खोटं बोलते, असं. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, भिकूभावजींना बोलवा. भावजी आले, टोपी काढली. सरांनी विचारलं, "ह्या आजी खाचरात जातात का हो?"

"वैनी?" भावजी म्हणाले. "छ्या. त्यांच्या लेकानं मना केलंय. वैनी पाय सुदिक ठिवत न्हाईत."

सर सृष्टीकडं वळले. मी म्हटलं, "भावजी, आण सुटली. सांगा आता."

भावजींनी माझं तोंड बघितलं, चंदूचं बघितलं, परत माझं. "नक्की सुटली?"

"सुटली."

"मग जातात की. रोज जातात. मला काय कळतंय म्हनून शिव्या बी देतात."

सर म्हणाले, एकमेकांच्या सांगण्यावर विज्ञान चालत नाही. तेव्हा मी घरात गेले आणि तांदळाच्या डब्यातनं ही वही काढली. पदकाच्या खाली होती. मॅडमच्या हातात दिली आणि म्हटलं, "हितं सगळं हाय. पन दुमडलेली पानं वाचू नका, त्यात सगुणाबाई हाय."

मॅडमनी वाचलं, आणि सगळंच वाचलं. मोठ्यानं. मोज्यांचं आलं तेव्हा उषा पदर तोंडाला लावून चुलीकडं पळाली. फ्लेक्सचं आलं तेव्हा चंदू खाली बघायला लागला. हेर नेमल्याचं आलं तेव्हा सृष्टी म्हणाली, "आजे, मी हेर?" आणि हसता हसता रडायला लागली. तिला हसताना बघून मला दोन महिने झाले होते.

मॅडम एका हातात वही, एका हातात कागद धरून बोट फिरवत होत्या. "सर, हे बघा. सहा ते बारा लिहिलंय, रेघ सहा ते बारा चढते. चार तारखेला दहा वाजता रिकामं झालं म्हणतात, रेघ दहाला थांबते. आणि पंधरा ऑगस्टला एक बोट जास्त झालं, ते सोडून दिलं, असं आहे. इथं एक बारीक टोक आहे, ते तर आपण कुणी विचारलंही नव्हतं."

सर म्हणाले, "वही नंतरही लिहिता येते."

मी म्हटलं, "सर, मला एक पान लिवायला तास लागतोय. दोन महिन्यांचं खोटं लिवायला दिवाळी उजाडंल. आनि खोटं लिवायचं असतं तर लेकाबद्दल एवढं खरं कशाला लिवलं असतं?"

मग सृष्टी डोळे पुसून म्हणाली, शांतपणे, पुस्तकातल्या भाषेत, "सर, तुम्ही विचारलंत की हे यंत्र पाणी ओळखेल का. त्यानं भिंतीपलीकडचं एक बोट पाणी ओळखलंय. मला ठाऊक नसताना. माझ्या आजीनं लपवलेलं."

सर उठले आणि गोठ्याच्या मागच्या बाजूला गेले. बूट चिखलात गेले तरी थांबले नाहीत. खाचर बघितलं, काठी बघितली, बांधाचं तोंड बघितलं. आत आले तेव्हा आवाज तेवढा मऊ राहिला नव्हता.

"आजी, एक करायचं. पुढचे दोन आठवडे तुम्हाला वाटेल तेव्हा पाणी घ्या, वाटेल तेव्हा काढा. वाटलं तर काहीच करू नका. तारीख, वेळ, किती बोटं, सगळं या वहीत लिहा. कुणाला दाखवायचं नाही. सृष्टीलाही नाही. ती काठी उपटायची. सृष्टी, तुम्ही इकडं यायचं नाही, पुण्यातून नुसती रेघ वाचायची आणि आजींनी कधी काय केलं ते सांगायचं. जुळलं तर मी सही करीन. नाही जुळलं तर यंत्र जाईल."

"चालंल," सृष्टी म्हणाली. सरांशी पहिल्यांदाच गावचं बोलली.

पुरणपोळ्या गार झाल्या होत्या. सरांनी चार खाल्ल्या.

रविवार, १४ सप्टेंबर

काल पाहुणे गेल्यावर सगळे हितंच राहिले. आज सकाळी चंदूनं विषय काढला.

"आये, बांधावर पडली असतीस तर कुनाला कळलं असतं? दोन महिने तू मला फसवलंस."

"व्हय. फसवलं."

"भर सामान. मारुंजीला चल."

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "सत्तावीस तारखेपातूर मला हलता येनार न्हाई. सरांचं काम हाय. लेखी हाय." मॅडमनी खरंच एका कागदावर लिहून दिलंय, खाली दोघांच्या सह्या. मी तो चंदूपुढं धरला. त्यात माझं नाव पूर्ण लिहिलंय, चंद्राबाई, आणि पुढं 'पाणी नियंत्रण'. असा हुद्दा चंदूच्या फ्लेक्सवरसुद्धा नव्हता.

त्यानं कागद दोनदा वाचला. "आनि सत्तावीसच्या पुढं?"

"पुढं कापणी हाय."

"आये, तू ऐकनारच न्हाईस."

"तुझी पोरगी कुनावर गेली असं वाटलं तुला?"

तो उठला, बाहेर गेला. मला वाटलं गेला रागानं. थोड्या वेळानं ठोकल्याचा आवाज आला. बघते तर बांधाच्या कडेनं बांबू रोवत होता, धरून चालायला. भिकूभावजी दोरी धरून उभे होते आणि त्याला शिकवत होते की बांबू कसा रोवायचा. तिसरा बांबू वाकडा रोवला आहे. असू दे. सृष्टी जाताना बांबू मोजून गेली. म्हणाली, बांबूचंही वजन धरावं लागेल.

बुधवार, १७ सप्टेंबर

सगुणाबाई सगळ्या आळीला सांगत फिरते आहे की चंद्राआक्काला पाण्यावर सरकारनं नेमलंय. आज येऊन म्हणाली, "मला तरी सांग, कधी सोडनार?" मी म्हटलं, तुला सांगितलं तर यंत्राची गरज काय. ती रुसून गेली. साखर नेहमीइतकी घातली होती तरी.

सृष्टीचा फोन आला. पाण्याचं विचारायचं नाही हे तिला माहीत आहे, म्हणून कंबरेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मग म्हणाली, "आजे, एकच सांग, तुला भ्या वाटतंय का?" मी म्हटलं, "कशाचं? यंत्र तुझं हाय आनि पानी माझं हाय."

आज सकाळी सहाला बांबूला धरून गेले. काय केलं, किती बोटं, ते शेवटच्या पानावर लिहिलंय आणि पान दुमडून वर पदक ठेवलंय. सरांनी सांगितलंय तसं. ते आणि मॅडम परत येणार आहेत शनिवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी दहाला.